पणजोबा बिळाशीच्या सत्याग्रहात होते? जुन्या पेपरांत असं शोधा

पणजोबा 1930 च्या बिळाशी जंगल सत्याग्रहात होते असं घरात सांगतात, पण हातात कागद नाही. अशा वेळी ऑनलाइन मोफत मिळणारे जुने पेपर कामाला येतात.

जिल्हा कोणता टाकायचा?
तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. शिराळा हा सातारा जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्याचा पेटा होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून ‘सातारा’ आणि ‘वाळवा’ही शोधा.

कुठे बघायचं?
इंटरनेट आर्काइव्हवर जुने मराठी अंक मिळतात. स्कॅन केलेल्या अंकात नाव टाइप करून बहुतेकदा काही सापडत नाही. त्यामुळे घटनेचा महिना ठरवून पानं चाळा. ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’ आणि सिंगापूरचं ‘न्यूजपेपरएसजी’ इंग्रजी शब्दांवर शोध देतात. तिथे गावापेक्षा देशभरातल्या आंदोलनाच्या बातम्या मिळण्याची शक्यता जास्त.

नाव सापडलं, पुढे?
एकाच नावाची माणसं गावात अनेक असतात. वडिलांचं नाव, गाव, वय जुळतं का बघा. मग बातमीची तारीख घेऊन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’वर त्या काळातल्या सरकारी फाइली शोधा. दोन्हीकडे मेळ बसला, तरच घरातली गोष्ट इतिहास म्हणून सांगता येईल.