सरकारी भाव आणि सरकारी साहाय्य: कापसाच्या दोन सीमा

शेतमालाचा भाव सरकारने ठरवला की शेतकऱ्याला साहाय्य मिळालेच, असे सर्रास गृहीत धरले जाते. वस्तुतः साहाय्य मोजताना शेतकऱ्याच्या हाती पडलेला भाव आणि खुल्या व्यापारात त्याच मालाला मिळू शकला असता तो भाव, म्हणजे संदर्भ किंमत, यांतील फरक पाहतात, आणि पहिला भाव बराच कमी असला तर अनुदाने जमेस धरूनही साहाय्य उणे निघते. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर उझबेकिस्तानने कापसाची सक्तीची सरकारी खरेदी चालूच ठेवली. किती जमिनीवर कापूस लावायचा आणि तो कोणत्या भावाने द्यायचा, हे शासन ठरवी, आणि खते व कर्ज सवलतीने मिळत असल्याने हे औदार्यच भासे, परंतु खरेदीचा भाव इतका पडता असे की सीमेलगतचा कापूस चोरवाटेने कझाकस्तानात व किरगिझस्तानात जाई. ही पद्धत 2020 मध्ये रद्द झाली.

असे साम्यवादी परंपरेतच घडते, हे म्हणणेही टिकत नाही. महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यान्वये 1972-73 च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. राज्यातील कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकणे बंधनकारक झाले, आणि त्या वेळी धुळे जिल्ह्यात असलेला नंदुरबारचा भाग (स्वतंत्र जिल्हा 1 जुलै 1998 पासून) गुजरात व मध्य प्रदेशाला लागून असल्याने नेमका या बंधनाच्या काठावर आला. शेजारी भाव चढा असला की राज्याबाहेर कापूस झिरपे, आणि हमीचा भाव चढा असला की बाहेरचा कापूस आत येई. साहाय्य उणे की अधिक, हे सरकारी पत्रकापेक्षा गाड्यांच्या दिशेवरून अधिक खात्रीने कळे. उझबेकिस्तानशी तुलना मात्र इथेच थांबते, कारण महाराष्ट्रात कापूस पेरण्याची सक्ती नव्हती, आणि योजनेचा तोटा अखेरीस शासनाच्या तिजोरीवर पडला.

एकाधिकार आणि हमीभाव एकच, ही आणखी एक गल्लत होय. हमीभाव हा किमान आधार असून शेतकरी कोणालाही माल विकू शकतो. बाजार पडल्यास 1970 मध्ये स्थापन झालेले भारतीय कापूस महामंडळ खरेदीला उतरते, तेही ओलावा 12 टक्क्यांच्या आत असेल तरच, आणि तो 8 टक्क्यांहून अधिक असल्यास भावात कपात करून. 2025-26 साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आहे. नंदुरबारची बाजारपेठ जिच्यासाठी प्रसिद्ध आहे, ती मिरची मात्र हमीभावाच्या यादीतच नाही.