नव्या गुलाबाला आधी मूळ धरू द्या



मागच्या वर्षी जुलैत आमच्या बचत गटाने गुलाबाची ३० कलमे आणली. एका कलमाला ४० रुपये पडले, म्हणजे गटाच्या शिलकीतले १२०० रुपये गेले. आठवडी बाजारात सुटी फुले विकायची, सणासुदीला हार करायचे आणि आलेले पैसे गटात भरायचे, असे ठरले होते. आमच्यापैकी कुणीही आधी गुलाब लावलेला नव्हता.

दसऱ्यापर्यंत त्यातली ११ कलमे वाळून गेली. बैठकीत बराच वाद झाला. कुणी म्हणाले, कलमेच खराब दिली. कुणी म्हणाले, आपली जमीन गुलाबाची नाही. शेवटी गटातल्या एका आजींनी ती वाळलेली झाडे उपटून अंगणात ओळीने मांडली आणि म्हणाल्या, "भांडता कशाला? आधी मुळं बघा."

आम्ही बघितली. सहा झाडांची मुळे काळी पडून कुजली होती, त्यांना वास येत होता. तीन झाडांची मुळे कुरतडलेली होती आणि मातीत हुमणीच्या पांढऱ्या अळ्या होत्या. उरलेल्या दोन झाडांची काळी पिशवी मुळांभोवती तशीच होती! लावणाऱ्या बाईंनी ती नुसती खालून फाडली होती. एकही झाड पाण्यावाचून किंवा खतावाचून मेले नव्हते. मेली ती आमच्या घाईने आणि जास्तीच्या मायेने. आमची चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आज हे सांगतो आहोत.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. कलम पिशवीतून निघते तेव्हा त्याची मुळे पिशवीतल्या मूठ-दोन मूठ मातीतच असतात. नव्या मातीत ती पसरायला दोन-तीन महिने लागतात. त्या काळात झाडाकडे फूल मागायचे नाही, मूळ धरू द्यायचे. पुढचे सगळे याच एका गोष्टीसाठी करायचे आहे.

लावताना जागा अशी निवडा, की दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळेल. सकाळचे ऊन सगळ्यात चांगले. दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. वरच्या थरातल्या मातीत एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड मिसळून खड्डा भरा. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढा, पण आतला मातीचा गोळा फुटू देऊ नका. खोडाशी एक गाठीसारखा सांधा दिसेल. तिथे जंगली खुंटावर चांगल्या गुलाबाचा डोळा भरलेला असतो. हा सांधा जमिनीच्या वर दोन-तीन बोटे राहिला पाहिजे. मातीत गाडला, तर तिथे कुजण्याची भीती असते. शेजारी काठी रोवून झाड सैलसर बांधा. वाऱ्याने झाड हलत राहिले, तर नाजूक मुळे तुटतात.

आता पाणी. आमची जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. आम्ही प्रत्येक झाडाला खोलगट आळे केले होते. पावसात ती आळी भरून राहिली आणि मुळांना हवाच मिळाली नाही. वरून झाड मलूल दिसले, म्हणून आम्ही पाऊस थांबला की आणखी पाणी घालत होतो! काळ्या जमिनीत अर्धा-एक फूट उंच गादीवाफा करून त्यावर कलम लावा. पावसाळ्यात आळे एका बाजूने फोडून पाण्याला वाट द्या. पाणी द्यायचे की नाही हे बोटाला विचारा. बोट दोन पेरे मातीत घाला. आत ओल लागली तर पाणी नको, कोरडे लागले तर सकाळी बुंध्याशी द्या. पानांवर ओतू नका. पान साधारण सात तास ओले राहिले, की काळ्या ठिपक्यांच्या रोगाला आयतेच फावते. बुंध्यापासून चार बोटे सोडून पालापाचोळ्याचे आच्छादन केले, तर ओल टिकते आणि तणही कमी होते.

खताचेही तसेच. आम्ही गोठ्यातले ताजे शेण घातले. कच्च्या शेणाने मुळांना चटका बसतो आणि हुमणीही त्याच्याबरोबर येते. शेणखत काळे, भुसभुशीत आणि वास नसलेले असेल तरच घाला. पहिले दोन महिने युरियाची चिमूटही नको. नवी पालवी जोमाने वाढू लागली, की महिन्यातून एकदा झाडाभोवती गोल दोन मुठी गांडूळखत पुरे.

सगळ्यात अवघड गोष्ट आता सांगतो. लावल्यावर पहिल्या कळ्या येतील, त्या हरभऱ्याएवढ्या असतानाच खुडून टाका. आमच्या कळ्या नेमक्या गौरी-गणपतीच्या तोंडावर आल्या. गौरीला घरचे पहिले फूल वाहायचे, असे प्रत्येकीच्या मनात होते. कळी खुडायला हात होईना. पण फूल उमलायला झाडाची जी ताकद जाते, ती त्या वेळी मुळांना हवी असते. शेवटी आम्ही एका झाडाची फुले गौरीसाठी ठेवली आणि बाकीच्या कळ्या खुडल्या. तुम्हीही देवासाठी एक झाड राखा, बाकीच्यांना वाढू द्या.

वाचलेल्या १९ झाडांपैकी चार झाडे एवढी फोफावली, की आम्ही हरखून गेलो. लांबच लांब काटेरी फांद्या, पण कळी एक नाही. नंतर कळले, की ती खुंटाची फूट होती. पान पाहून अंदाज येतो. चांगल्या गुलाबाच्या पानात बहुधा पाच पर्णिका असतात, खुंटाच्या पानात बहुधा सात किंवा जास्त. पण पाने मोजण्यापेक्षा फांदी कुठून निघाली ते बघणे खात्रीचे. सांध्याच्या खालून निघाली असेल तर ती खुंटाचीच. ती वरून कापू नका, दुपटीने फुटते. माती बाजूला करून जिथून निघाली तिथून ओढून काढा. आमची दोन झाडे अशी सावरली. दोघांवरचे कलम मात्र तोवर मरून गेले होते, नुसता खुंट उरला होता.

दर आठवड्याला झाडाजवळ पाच मिनिटे बसा. शेंडा काळा पडून फांदी वरून खाली वाळू लागली, तर हिरव्या भागापर्यंत तिरका काप घ्या आणि बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना वेगवेगळे अर्धा-अर्धा लिटर पाण्यात कालवून मग एकत्र केले, की पेस्ट तयार. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडी नको. मोरचूद विषारी आहे, ते लेकरांच्या हाती लागू देऊ नका. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा. काळे ठिपके पडलेली पाने वेचून जाळा. शेंड्यावर मावा दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. तरीही राहिला तर निंबोळी अर्क फवारा. ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी गाळून थोडा साबणाचा चुरा मिसळायचा आणि संध्याकाळी फवारायचे. लाल ढालकिडे दिसले तर त्यांना मारू नका, ते मावा खातात.

ऑक्टोबरमध्ये जुन्या गुलाबाची छाटणी होते. ते पाहून नव्या झाडावर कात्री चालवू नका. पहिल्या वर्षी फक्त वाळलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या काढा. खरी छाटणी दुसऱ्या वर्षापासून.

हिवाळ्यात आमच्या १७ झाडांना फुले आली. संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवाला गावातच मागणी होती, बाजारात जावेही लागले नाही. वाळलेल्या ११ कलमांचे ४४० रुपये त्या महिन्यात वहीत परत जमा झाले. त्या दिवशी आजी म्हणाल्या, "आता तरी झाडाला रोज उकरून बघू नका!"

ज्या गटांना येत्या पावसाळ्यात गुलाब लावायचा असेल, त्यांनी आधी पाचच कलमे आणावीत. ती जगली, की पुढची आणावीत. पैसा गटाचा आहे, तो शिकण्यात थोडाच जावा.