गोळ्या झाडल्याचं स्वतःच सांगितलं, तरी गणपत गायकवाडांची आमदारकी का गेली नाही?

२ फेब्रुवारी २०२४ ची रात्र. उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या केबिनमध्येच गोळीबार झाला. गोळ्या झाडणारे होते कल्याण पूर्वचे भाजप आमदार गणपत गायकवाड. जखमी झाले शिंदेंच्या शिवसेनेचे शहरप्रमुख महेश गायकवाड आणि त्यांचे सहकारी राहुल पाटील. वाद कल्याणजवळच्या द्वारली गावातल्या जमिनीचा होता. दोघंही जखमी पुढे वाचले.

सीसीटीव्हीचा व्हिडीओ राज्यभर फिरलाच. पण त्याआधी आमदारांनीच एका वृत्तवाहिनीला फोनवर सांगितलं होतं, की गोळ्या आपणच झाडल्या आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पोलिसांसमोर मुलाला मारहाण होत होती, म्हणून हे केलं, असा त्यांचा दावा होता.

त्यांना अटक झाली, रवानगी तळोजा कारागृहात झाली. राजीनामा मात्र आला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची मुदत संपत आली, तेव्हाही ते आमदारच होते.

आता प्रश्न असा, की स्वतः कबूल केल्यावरही पद कसं टिकतं?

पहिली गोष्ट, कृत्य कबूल करणं म्हणजे गुन्हा कबूल करणं नव्हे. ‘गोळी मी झाडली’ म्हणणारा माणूस ‘पण स्वसंरक्षणासाठी’ असंही म्हणू शकतो. ते खरं की खोटं, हे न्यायालय ठरवतं. शिवाय टीव्हीवर दिलेली कबुली हा कायद्याच्या नजरेत कमकुवत पुरावा असतो. त्याला इतर पुराव्यांची जोड लागते.

दुसरी गोष्ट, आमदारकी जाते ती दोषी ठरल्यावर. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ८ नुसार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, की लोकप्रतिनिधी अपात्र ठरतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोषी ठरला, तर नुसता दंडही पुरतो. पूर्वी आमदार-खासदारांना अपिलासाठी तीन महिन्यांची सवलत होती. १० जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात ती रद्द केली.

याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्हा बँक घोटाळ्यात सावनेरचे काँग्रेस आमदार सुनील केदार यांना २२ डिसेंबर २०२३ ला पाच वर्षांची शिक्षा झाली. एक-दोन दिवसांत त्यांची आमदारकी गेली. त्यांनी कोणतीही कबुली दिली नव्हती. निकाल लागला, तेवढं पुरलं. गायकवाडांच्या बाबतीत कबुली होती, निकाल नव्हता.

मग राजीनामा घेता येत नाही का? राज्यघटनेच्या कलम १९० प्रमाणे राजीनामा स्वेच्छेने दिलेला असावा लागतो. जबरदस्तीचा वाटला तर अध्यक्ष तो नाकारू शकतात. पक्षाने हकालपट्टी केली तरी आमदारकी जात नाही, फक्त पक्ष सुटतो.

या मोकळ्या जागेचा परिणाम १२ जुलै २०२४ ला दिसला. विधान परिषदेच्या ११ जागांसाठी १२ उमेदवार होते, एकेक मत मोलाचं होतं. गायकवाड तुरुंगातून विधानभवनात आले आणि मतदान करून परत गेले. तुरुंगातल्या व्यक्तीला मतदानाची मनाई करणाऱ्या कलम ६२(५) कडे बोट दाखवत काँग्रेसने हरकत घेतली होती. २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांना मात्र विधान परिषदेच्याच निवडणुकीत मतदानाची परवानगी न्यायालयाने नाकारली होती. म्हणजे पद टिकणं ही फक्त नावापुरती गोष्ट नाही. त्या पदाचं मत सत्तेची गणितं ठरवतं.

कायद्याची बाजू समजण्यासारखी आहे. नुसत्या आरोपावर पद जायला लागलं, तर विरोधकाला संपवायला एक एफआयआर पुरेल. म्हणून राजीनामा नैतिकतेवर सोडला आहे. पण नैतिकता ना आमदाराने दाखवली ना पक्षाने, तर उरतो फक्त मतदार.

आणि मतदारांनी काय केलं? नोव्हेंबर २०२४ मध्ये भाजपने गणपत गायकवाड यांच्या पत्नी सुलभा यांना उमेदवारी दिली. गोळ्या लागलेले महेश गायकवाड बंडखोरी करून अपक्ष म्हणून समोर उभे होते. कल्याण पूर्वने सुलभा गायकवाड यांना निवडून दिलं.