मनाचा अंदाज

मडके विकत घेताना आपण काय करतो? बोटांनी टिचकी मारतो. मडके खणखणले तर घेतो. बद्द वाजले तर खाली ठेवतो. कुंभार विचारतो, "काय झालं, बाई?" आपण म्हणतो, "चीर आहे." चीर डोळ्यांना दिसलेली नसते. ती कानाने ओळखलेली असते.

आई भाजीत मीठ चिमटीने घालते. किती घातले, असे विचारले तर म्हणते, "अंदाजानं." गुरांच्या बाजारात जाणता शेतकरी बैल चार पावले चालवून बघतो आणि म्हणतो, "हा नको." का नको, हे त्यालाही पटकन सांगता येत नाही.

याला कोणी देवाची देणगी म्हणतात. आम्हांला तसे वाटत नाही. देणगी असती तर ती जन्मापासून असती. पण नव्या सुनेचा पहिला भात करपतो आणि दहा वर्षांनी तिला नुसत्या आवाजावरून कळते, की पाणी आटले. मधल्या काळात काय झाले? हजार वेळा भात झाला! प्रत्येक वेळी कान, नाक आणि डोळे थोडेथोडे शिकत गेले. शिकलेले मनात साठले. ते शब्दांत नाही, म्हणून सांगता येत नाही, एवढेच.

अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या दोन अभ्यासकांनी हे बुद्धिबळावर तपासून पाहिले. १९७३ साली त्यांचा लेख छापून आला. खऱ्या डावातला पट त्यांनी फक्त ५ सेकंद दाखवला आणि झाकला. मग सांगितले, आता सोंगट्या तशाच मांडा. निष्णात खेळाडूने पुष्कळशा बरोबर मांडल्या. नवशिक्याला थोड्याच जमल्या. मग त्यांनी सोंगट्या पटावर कशाही विखरून ठेवल्या आणि पुन्हा तेच केले. आता निष्णाताचेही नवशिक्यासारखेच झाले! म्हणजे त्याची स्मरणशक्ती काही अचाट नव्हती. खरे डाव पाहून पाहून त्याची नजर तयार झाली होती. डाव खरा नसला की ती नजर फुकट.

मग कोणता अंदाज मानावा आणि कोणता सोडावा? डॅनियल कानेमान आणि गॅरी क्लाइन हे दोघे विद्वान. क्लाइन यांनी आगीचे बंब घेऊन धावणाऱ्या जवानांचा अभ्यास केला होता. त्यांना अंदाजाचे मोठे कौतुक. कानेमान यांना त्याचा संशय. २००९ साली दोघांनी मिळून एक लेख लिहिला. त्यांचे दोन गोष्टींवर एकमत झाले. त्या कामाला काही ठरलेली रीत हवी. आणि अंदाज बरोबर आला की चुकला, हे माणसाला वेळोवेळी कळायला हवे.

भाताला रीत आहे. मडक्याला आहे. मटक्याच्या आकड्याला नाही. नाणे पाच वेळा छापा पडले, तरी सहाव्या वेळी छापा किंवा काटा पडायची शक्यता सारखीच. नाण्याला मागचे आठवत नाही. पण खेळणारा म्हणतो, "आज आतून वाटतंय, हाच आकडा लागणार." आतून वाटते हे खरे, पण त्या वाटण्यामागे शिकलेले काहीच नाही. त्यात मजुरीचे पैसे जातात, आणि जिंकलेला एक दिवस तेवढा लक्षात राहतो. तोंड पाहून माणसाला चोर ठरवणेही याच जातीचे. आपण चुकलो, हे आपल्याला बहुधा कळतच नाही.

अंदाज सुधारायचा तर एक वही घ्या. आता लिहिता येते, त्याचा उपयोग करा. धान्याचे पोते काट्यावर चढवण्याआधी वजन किती असेल ते लिहा. मग काट्याने सांगितलेले वजन शेजारी लिहा. आधी लिहायचे, हे महत्त्वाचे. नंतर सगळेच म्हणतात, "मला वाटलंच होतं!"

काही ठिकाणी मात्र अंदाजाला मोजणीची जोड हवीच. लहान मुलाला खोकला आहे आणि आईला वाटते, आज ह्याचं काहीतरी वेगळं आहे. घरातली माणसे म्हणतात, उगीच घाबरते. तसे म्हणू नये. त्या मुलाला रोज पाहणारी तीच आहे. मूल शांत असताना त्याचे पोट उघडे करून घड्याळावर पूर्ण १ मिनिट श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, एक वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांच्या आतल्याचे ४० किंवा जास्त भरले, तर न्यूमोनिया असू शकतो. लगेच दवाखाना गाठावा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर मोजत बसू नये, तसेच निघावे. आकडा कमी आला, पण मूल दूध ओढत नाही, मलूल पडले आहे, तरीही निघावे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी हेच काम सुईणींना शिकवले. मूल पाहण्याची नजर त्यांच्याजवळ होती, मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग त्यांच्यासाठी मण्यांची एक पाटी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपली की मणी पाहायचे.