घोड्यांच्या इन्फ्लुएंझाचा बदलता विषाणू

जून २००८ मध्ये जम्मूजवळील कटरा येथे यात्रेकरूंची ने-आण करणारी खेचरे आणि तट्टे खोकू लागली. तीव्र ताप, कोरडा खोकला, नाकातून स्राव आणि चाऱ्याकडे पाठ फिरवणे ही लक्षणे एका तळावरून दुसऱ्या तळावर झपाट्याने पोहोचली. देशातील त्याआधीची मोठी साथ १९८७ मधील होती. मधल्या दोन दशकांत जन्मलेल्या बहुतेक जनावरांची या रोगाशी गाठच पडलेली नव्हती. पुढील काही महिन्यांत रोग अनेक राज्यांत पसरला आणि दक्षिणेत म्हैसूरपर्यंत गेला.

हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विषाणू वेगळा केला तेव्हा उपप्रकार जुनाच, म्हणजे एच३एन८ निघाला. मात्र त्याचा वंश १९८७ च्या विषाणूपेक्षा वेगळा होता. चीन आणि मंगोलियात त्याच सुमारास आढळलेल्या विषाणूंशी त्याचे निकटचे साम्य होते. केंद्राची आधीची लस १९८७ च्या लुधियाना येथील विषाणूपासून बनविलेली होती. त्यामुळे कटरा येथील विषाणू घेऊन ती अद्ययावत करावी लागली.

हा बदल कसा घडतो? इन्फ्लुएंझा विषाणूचे जनुकद्रव्य आरएनएच्या आठ तुकड्यांत असते. त्याची नक्कल करणाऱ्या विकराकडे चुका दुरुस्त करण्याची सोय नाही, म्हणून प्रत्येक पिढीत चुका राहून जातात. बहुतेक चुका विषाणूलाच मारक ठरतात. परंतु पृष्ठभागावरील हिमॅग्लुटिनिन या प्रथिनात मोक्याच्या जागी एखादे अमिनो आम्ल बदलले, तर जुनी प्रतिद्रव्ये त्याला नीट ओळखत नाहीत आणि तो विषाणू इतरांपेक्षा अधिक पसरतो. गुलाबी बोंडअळीत बीटी कपाशीविरुद्ध प्रतिकारक्षमता वाढत गेली, ती निवड याच जातीची. फक्त अळीला पिढीसाठी काही आठवडे लागतात, विषाणूला काही तास पुरतात.

या बदलांची नोंद बऱ्याच मागे जाते. १९५६ मध्ये प्राग येथे घोड्यांतून एच७एन७ हा उपप्रकार मिळाला, तर १९६३ मध्ये मायामी येथे एच३एन८. पहिला १९८० च्या सुमारानंतर आढळलेला नाही. दुसऱ्याच्या १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरेशियन आणि अमेरिकन अशा दोन शाखा झाल्या. अमेरिकन शाखेतून फ्लोरिडा शाखा आणि तिच्या दोन उपशाखा निघाल्या. कटऱ्याचा विषाणू दुसऱ्या उपशाखेतील होता. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात प्रथमच आलेली साथ पहिल्या उपशाखेची होती.

प्रयोगशाळेत हे कळते कसे? नाकाच्या आतील भागातून घेतलेल्या स्रावाची प्रथम आरटी-पीसीआर चाचणी होते. विषाणू असल्यास तो कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यांत वाढवितात. नंतर दोन कामे समांतर चालतात. एकात हिमॅग्लुटिनिनच्या जनुकाची क्रमवारी वाचून वंशवृक्षात त्याची जागा ठरवितात. दुसऱ्यात जुन्या विषाणूंविरुद्धची प्रतिद्रव्ये नव्या विषाणूला तांबड्या रक्तपेशी एकमेकींना चिकटविण्यापासून किती विरलतेपर्यंत रोखतात, हे पाहतात. हे दुसरे काम अधिक महत्त्वाचे मानावे लागते, कारण जनुकात दिसणारा प्रत्येक फरक लसीला निष्प्रभ करीत नाही. जागतिक पशु आरोग्य संघटनेची तज्ज्ञ समिती या माहितीचा नियमित आढावा घेते. २०१० पासून लसीत फ्लोरिडाच्या दोन्ही उपशाखा असाव्यात, अशी तिची शिफारस आहे. लस घेताना बाटलीवर कोणते विषाणू नमूद आहेत, हे म्हणूनच वाचावे. लसीकरण झालेले घोडेही सुटत नाहीत: फेब्रुवारी २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये लस दिलेल्या शर्यतीच्या घोड्यांत रोग निघाला आणि तेथील शर्यती सहा दिवस बंद राहिल्या.

इन्फ्लुएंझाने प्रौढ जनावर क्वचितच दगावते. शिंगरे आणि अशक्त जनावरे यांना धोका अधिक. मात्र ताप जितके दिवस होता, तितके आठवडे विश्रांती द्यावी, असा पशुवैद्यकांचा सर्वसाधारण दंडक आहे. वीटभट्टीवर किंवा यात्रामार्गावर खेचराच्या पाठीवर ज्याचे घर चालते, त्याला हे परवडत नाही. अर्धवट बरे झालेले जनावर पुन्हा जुंपले जाते, फुप्फुसाचा दाह होऊन बसते आणि विषाणूही सोबत नेते. शर्यतीच्या घोड्यांना नियमित लस मिळते, कष्टाच्या खेचरांना सहसा मिळत नाही. विषाणूवर लक्ष ठेवणेही त्यामुळे याच कळपांत अवघड जाते.

नमुना तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच घ्यावा. नंतर स्रावातील विषाणू झपाट्याने घटतो. काडी विषाणू-वाहक द्रावणात बुडवून बर्फावर ठेवावी आणि लवकर पाठवावी. ही वेळ हुकली तर रक्ताचे दोन नमुने, एक तत्काळ व दुसरा दोन ते तीन आठवड्यांनी, घ्यावेत. प्रतिद्रव्यांत चौपट वाढ दिसल्यास संसर्ग सिद्ध होतो. विषाणू कोणत्या शाखेचा, हे मात्र त्यातून कळत नाही. नाकातून चिकट पू किंवा अंगावर गाठी, व्रण असतील तर ग्लँडर्सची शंका धरावी. तो माणसालाही होतो, म्हणून हातमोजे आणि मुखपट्टीशिवाय अशा जनावराला हात लावू नये.

तळावर माश्यांसाठी फवारणी करून इन्फ्लुएंझा थांबत नाही. सर्रा हा रोग घोडमाश्या पसरवितात. हा विषाणू खोकल्यातून, पाण्याच्या सामायिक बादलीतून, लगामातून आणि सांभाळणाऱ्याच्या हातांतून जातो. आजारी जनावर वेगळे बांधावे आणि त्याच्या साहित्याला दुसऱ्याचा स्पर्श होऊ देऊ नये.

नमुन्यासोबतच्या कागदावर जनावराचे वय, ताप सुरू झाल्याची तारीख, मागील महिन्यातील प्रवास आणि शेवटच्या लसीचे नाव व दिनांक लिहावा. लस घेऊनही आजारी पडलेल्या जनावराचा नमुना आवर्जून पाठवावा. विषाणू लसीच्या पुढे गेला असल्यास त्याची पहिली खूण बहुधा तेथेच सापडते.