नदीअलीकडचे राळेगाव

राळेगाव म्हटले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदराची छटा उमटते आणि पाठोपाठ अण्णा हजाऱ्यांची चौकशी होते. मग मला सांगावे लागते, की ते राळेगणसिद्धी, पारनेर तालुक्यातले. आमचे राळेगाव यवतमाळ जिल्ह्यातले. तेवढ्याने आदर ओसरतो आणि समोरचा गृहस्थ सहानुभूतीने, "म्हणजे कापसाचा भाग!" एवढेच म्हणतो. कापसाचा भाग हे खरेच. पण गावाच्या नावात मात्र कापूस नाही. देशावर भोगीच्या दिवशी ज्या राळ्यांचा भात करतात ते बारीक, पिवळसर, गरिबाचे धान्य या नावात आहे, असे मी आपला समजतो. मराठी शिकवणाऱ्या माणसाला व्युत्पत्तीचा नाद असायचाच.

यवतमाळहून एस. टी.ने निघाले की वाटेत कळंब लागते. तेथल्या चिंतामणीचे दर्शन पायऱ्या उतरून, जमिनीच्या पातळीखाली जाऊन घ्यावे लागते. अकबराच्या वेळी वऱ्हाड सुभ्यातील एका 'सरकार'चे हे मुख्य ठाणे होते. आजचा प्रवासी येथे घोटभर चहा घेतो आणि पुढे जातो. टेकड्या मागे पडतात आणि वर्धेच्या खोऱ्याची काळी जमीन सुरू होते. दिवाळीच्या सुमारास आलात तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पऱ्हाटी फुटलेली असते, बाया ओटी बांधून वेचणीला लागलेल्या असतात आणि राळेगावात शिरताना जिनिंगच्या दारापुढे कापसाच्या गाड्या खोळंबलेल्या दिसतात. राळेगावच्या पलीकडे वडकी, तेथे नागपूर–हैदराबाद हमरस्ता, आणि त्या रस्त्याने नागपूरकडे वळले की पोहण्यापाशी वर्धा नदी.

या नदीपाशी थोडे थांबले पाहिजे. मुलताईकडून सातपुड्यातून निघालेली ही नदी पुढे वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून माणसे सहज पार होतात. पण या गुडघाभर पाण्याने शंभर वर्षे राज्ये वेगळी ठेवली. 1803 च्या नोव्हेंबरात अडगावच्या लढाईत दुसरे रघूजी भोसले हरले आणि 17 डिसेंबरच्या देवगावच्या तहाने, गाविलगड-नरनाळ्याभोवतालचा थोडा भाग सोडला तर, नदीच्या पश्चिमेचा मुलूख त्यांच्या हातून गेला. इंग्रजांनी तो निजामाच्या पदरात टाकला. अलीकडे निजाम, पलीकडे भोसले. राळेगाव अलीकडे पडले.

दुसऱ्या बाजीरावाची धावपळही याच नदीने अडवली. आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करण्यासाठी तो चांद्याकडे निघाला होता. पण वर्धा ओलांडता आली नाही. 17 एप्रिल 1818 रोजी पंढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल ॲडम्सने त्याला गाठले आणि पेशव्यांची फौज उधळली. शाळेत आम्हांला खडकी आणि कोरेगाव पाठ होते. आपल्याच जिल्ह्यात पेशवाईचा जवळजवळ शेवट झाला, हे मला एम. ए. झाल्यावर कळले!

पुढे 1853 साली फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्यही खालसा झाले. दोन्ही काठांवर एकच मालक आला, तरी काठ एक झाले नाहीत. वऱ्हाड नावाने निजामाचाच राहिला. 1902 साली वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या कायम पट्ट्याने इंग्रजांनी तो घेतला आणि दुसऱ्या वर्षी मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला. शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा फरक मात्र वेगळाच होता. वऱ्हाडात मुंबई इलाख्यासारखी रयतवारी. शेत ज्याच्या नावे तो खातेदार, त्याने थेट सरकारात सारा भरायचा. पलीकडे मालगुजारी, गावाचा मालगुजार वसूल करणार आणि कूळ त्याच्या दारी उभे राहणार. 1951 साली मालगुजारी गेली. आता नदी म्हणजे दोन जिल्ह्यांमधली एक साधी शीव आहे आणि पुलावरून जाणाऱ्या मोटारीला आपण ती कधी ओलांडली हे कळतही नाही.

माझ्या आत्याला ते कळत असे. तिला नदीपलीकडे, हिंगणघाटच्या बाजूला दिलेली होती. दीड वर्षाने ती एक ट्रंक घेऊन अलीकडे परत आली. का, ते आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. नवऱ्याने दुसरी आणली, एवढे मला पुढे समजले. आत्या वडकीच्या वाटेवरच्या आमच्या घरी राहिली, शेतात राबली, आम्हां भावंडांना तिने न्हाऊमाखू घातले. पाहुण्यांत तिची ओळख करून देताना आजी आवाज उतरवत असे.

ही आत्या दर वर्षी मला घेऊन रावेरीला जाई. राळेगावहून चालत जाण्याजोगे हे खेडे. तेथे एक जुने मंदिर आहे आणि त्यात सीतामाय आहे, एकटी. शेजारी राम नाही, लक्ष्मण नाही. मारुती आहे, पण तो हात जोडून उभा नव्हे. लवकुशांनी बांधून घातलेला, आडवा पडलेला. गावची कथा अशी, की रामाने टाकलेली सीता दिवस भरत आले असता येथे आली. बाळंतपण झाले. तिने गावात पसाभर गहू मागितला आणि गावाने तो दिला नाही. तेव्हा तिने शाप दिला, की या शिवारात गहू पिकणार नाही. संकरित बियाणे येईपर्यंत रावेरीत खरोखरच गहू झाला नाही, असे सांगतात. कोरडवाहू बन्सी गहू वऱ्हाडात इतरत्र पिकत असे, हे लक्षात घेतले म्हणजे जमिनीकडे बोट दाखवून ही कथा उडवून लावणे सोपे जात नाही. मला तर नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. आपल्या पूर्वजांनी एका बाळंतिणीला धान्य नाकारले, ही लाजिरवाणी हकिकत रावेरीने लपवली नाही. पिढ्यानपिढ्या स्वतःच्याच तोंडाने सांगितली, आणि जिने शाप दिला तिचीच पूजा केली.

आत्या राळेगावच्या बाजारातून पसाभर गहू घेई, पदराच्या गाठीत बांधी आणि सीतामायपुढे ठेवी. इतर बाया नारळ आणीत. मी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तिनं नारळ मांगतला होता काय रे? जे मांगतलं तेच द्याव मानसानं."

या मंदिराकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले ते शरद जोशींनी. शेतकरी संघटनेने 1986 च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरवले होते. त्यानंतर जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम काढला. नवऱ्याने आपण होऊन जमिनीचा एक तुकडा बायकोच्या नावे करायचा, म्हणजे घरच्या लक्ष्मीचे ऋण थोडे फिटेल, अशी त्यामागची भूमिका होती. हे सांगताना ते रावेरीच्या सीतेची गोष्ट सांगत. पुढे 2004 ते 2010 या काळात राज्यसभेत असताना त्यांनी खासदार निधीतून या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. घरापुरते अन्न पिकवणाऱ्या शेतीला त्यांनी 'सीताशेती' हे नाव दिले होते. सीता या शब्दाचा मूळ अर्थच नांगराची तास. नाव चपखल होते. जोशींची सगळी अर्थनीती मला पटली असे नाही. पण जमीन हातात नसली की लक्ष्मी म्हणून ओवाळून घेण्याला फारसा अर्थ राहत नाही, हे त्यांनी बाप्यांच्या सभेत उभे राहून सांगितले, आणि बाप्यांनी ते ऐकून घेतले, ही साधी गोष्ट नव्हे.

आमच्या घरी मात्र लक्ष्मीमुक्तीची चर्चा ओसरीवरच थांबली. वडिलांचे म्हणणे, आईच्या नावे करून काय, सगळे घरचेच आहे. आत्याचा प्रश्न निघालाच नाही. ती तेव्हा आत चुलीपाशी होती.

वडील गेल्यावर फेरफारासाठी जुनी कागदपत्रे काढली, तेव्हा तीत 1974 सालचे एक हक्कसोडपत्र सापडले. आजोबांच्या जमिनीत 1956 च्या कायद्याप्रमाणे आत्याचाही वाटा होता आणि तो तिने भावाला 'राजीखुशीने व कोणत्याही मोबदल्याविना' सोडून दिलेला होता. खाली तिची सही, शाळकरी वळणाची. ती चौथी शिकलेली होती हे मला त्या सहीने कळले. वर शेताच्या चतुःसीमा लिहिलेल्या: पूर्वेस नाला, दक्षिणेस गाडरस्ता. त्या कागदाच्या जोरावर सातबाऱ्यावर आता माझे नाव आहे. वर्गात मी स्त्रीगीते शिकवतो, सासरमाहेरच्या ओव्यांवर मुलांकडून टिपणे लिहून घेतो. घरातले गीत पेटीत घडी घालून ठेवलेले होते.

आत्या अजून आहे. ऐंशीला टेकली आहे. गेल्या उन्हाळ्यात दोन एकरांचे बक्षीसपत्र तिच्या नावे केले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बाकावर बसून तिने सगळा कागद माझ्याकडून वाचून घेतला, चतुःसीमा दोनदा वाचायला लावल्या आणि मग विचारले, "नाल्याकडचं की रस्त्याकडचं?"

"नाल्याकडचं."

"मंग ठीक. थे चांगलं हाय." सही करून झाल्यावर परतीच्या एस. टी.त पुन्हा म्हणाली, "पन्नास वर्सं लागले रे तुमाले." मी काही बोललो नाही. वडकी येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

तिला त्या तुकड्यात एक पट्टा गव्हाचा हवा आहे. नाल्याकडच्या विहिरीला पौषानंतर पाणी राहत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. यंदा हरभराच पेरतो आहोत. लक्ष्मीपूजन झाले की तिला घेऊन रावेरीला जायचे ठरले आहे. गहू राळेगावच्या बाजारातूनच घ्यावा लागेल.