आभाळ गरजायच्या आधी



बाईंनी मला हा विषय दिला, कारण मागच्या उन्हाळ्यात वीज पडून आमची कालवड मेली. तिचं नाव तांबडी. ती लिंबाखाली बांधलेली होती. सावली असावी म्हणून मीच बांधली होती. दुपारी आभाळ आलं, वावधान सुटलं, आम्ही घराकडं पळालो आणि ती तिथंच राहिली. झाड पडलं नाही, नुसती साल निघाली. मला कळेना, वीज झाडावर पडली तर कालवड कशी मेली?

बाईंनी फळ्यावर चित्र काढून सांगितलं. वीज खोडावरून खाली येते आणि जमिनीत चहूकडं पसरते. खोडाजवळ तिचा जोर जास्त, लांब गेलं की कमी. जनावराचे पुढचे आणि मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात. वीज पुढच्या पायातून शिरते आणि मागच्यातून निघते. मधे काळीज येतं. म्हणून रानात अडकलोच, जवळ घर नसलं, तर झाडापासून लांब दोन्ही पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. आडवं पडलं की आपणही जनावरासारखे लांब होतो.

पण पक्क्या घरात जाणं सगळ्यात चांगलं. चारी बाजूंनी उघडा पत्र्याचा आखाडा तेवढा बरा नाही. चमक आधी दिसते, आवाज मागून येतो, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. चमकलं की मी एक, दोन, तीन मोजते. तीस व्हायच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, घरात पळायचं. शेवटचं गडगडल्यावर अर्धा तास बाहेर यायचं नाही. माझा भाऊ दहा मिनिटांतच कैऱ्या वेचायला पळतो आणि आईच्या हातचा मार खातो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं ॲप केलं आहे. आपल्या आसपास वीज पडते का ते त्यात कळतं. वडलांच्या मोबाईलवर मी ते घेतलं आहे. आणखी एक. वीज लागलेल्या माणसाला हात लावला तर आपल्याला झटका बसत नाही. लोक भिऊन लांब उभे राहतात. तसं करू नये, 108 ला फोन लावावा, आणि श्वास थांबला असेल तर ज्याला येतं त्यानं छाती दाबावी.

आता गारा. आबा 2014 ची गारपीट सांगतात, तेव्हा माझा जन्म नव्हता. फेब्रुवारी संपताना आणि मार्चमध्ये मराठवाड्यात कितीतरी दिवस गारा पडल्या. आबा म्हणतात, “रान पांढरंशिप्पट झालं होतं गं. ज्वारी आडवी, हरभऱ्याचे घाटे फुटलेले, झाडाखाली पाखरं मेलेली.”

तापलेली हवा जोरानं वर जाते आणि पाण्याचे थेंब वर नेते. तिथं ते गोठतात. वर-खाली होताना त्यांच्यावर बर्फ चढत जातो, आणि वाऱ्याला पेलेना झाले की खाली पडतात. मोठी गार फोडून बघा, कांद्यासारखे पापुद्रे दिसतात.

उभं पीक झाकता येत नाही. पण काढलेलं वाचवता येतं. ज्वारी भिजली की काळी पडते, मग तिला भाव येत नाही. गंजी खोलगट जागी घालू नये, भोवती चर काढावी. ताडपत्री आधीच बघून ठेवावी. आमची आयत्या वेळी काढली तर उंदरांनी कुरतडलेली निघाली! हरभरा भिजला तो भिजलाच. नुकसान झालं तर आवरायच्या आधी फोटो काढावेत, पंचनाम्याला कामी येतात.

आमच्याकडं आता नवी कालवड आहे. वडलांनी तिचा खुंटा झाडापासून लांब ठोकला आणि वर कडब्याचं छप्पर घातलं. आभाळ भरून येताना दिसलं की गरजायच्या आधी मी तिला गोठ्यात आणते. तिचं नाव अजून ठेवलं नाही.

— इयत्ता चौथी, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, ता. निलंगा